पन्नास चित्रांचा मारिओ

गेल्या दिवाळीत मी थोरल्या भावाच्या हातात तळहाताएवढं एक यंत्र ठेवलं. साडेतीन इंची स्क्रीन, डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजवीकडे चार गोल बटणं. आत मारिओ सुरू करून ठेवला होता. लहानपणी आमच्या गल्लीत दादाइतका मारिओ कुणालाच जमत नसे. कुठल्या विटेत काय दडलंय हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पहिल्या खड्ड्यापाशी त्याने उडी मारली आणि मारिओ खड्ड्यात गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. दादाने यंत्र माझ्याकडे परत दिलं आणि म्हणाला, "हा आपला मारिओ नाही रे. हा जास्त पळतोय."

तीस वर्षांत हाताची सवय मोडली असेल, असं मला वाटलं. पण दादाचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. त्या यंत्रातला मारिओ आमच्या मारिओपेक्षा जवळपास वीस टक्के जास्त वेगाने धावत होता. असं का व्हावं, हे कळण्यासाठी जुने खेळ नव्या यंत्रावर मुळात चालतात कसे ते पाहावं लागतं. ती गोष्ट मला खेळांइतकीच सुंदर वाटते.

मारिओ ज्या यंत्रासाठी लिहिला गेला ते यंत्र म्हणजे क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीचा फॅमिली कॉम्प्युटर, जपानी मुलांच्या तोंडी फॅमिकॉम. १५ जुलै १९८३ रोजी तो जपानात विक्रीला आला. अमेरिकेत तोच दोन वर्षांनी एनईएस या नावाने, वेगळ्या पेटीत गेला. त्याच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार. आज साध्यातल्या साध्या स्मार्टफोनचा प्रोसेसरही अब्जाच्या घरात ठोके देतो. कामापुरती मेमरी दोन किलोबाइट. पडद्यावरचं चित्र काढायला दुसरी स्वतंत्र चिप होती आणि ती आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्या जोडून २५६ बाय २४० ठिपक्यांचं चित्र उभं करायची. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा खेळ, बत्तीस स्टेज, संगीत आणि चित्रांसह, ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. देवनागरीतला हा लेख संगणकात साठवायला साधारण तेवढीच जागा लागेल. त्या खेळातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट पाहा. आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय. जागा वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती किती जणांच्या लक्षात आली असेल?

आता या खेळाची फाइल, जिला सगळे रॉम म्हणतात, ती नव्या यंत्रात टाकली तर नव्या यंत्राला त्यातलं काहीच कळत नाही. फाइलमध्ये आहेत जुन्या प्रोसेसरच्या भाषेतल्या आज्ञा. नव्या प्रोसेसरची भाषाच निराळी. मधे दुभाषी हवा. तो दुभाषी म्हणजे इम्युलेटर. तो फाइलमधली एक आज्ञा वाचतो, जुन्या प्रोसेसरने तिचं काय केलं असतं ते ठरवतो, तेवढं काम नव्या यंत्राकडून करून घेतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला अधिकृत आज्ञा होत्या १५१. त्या एकेक करून लिहून काढणं हे हौशी प्रोग्रामरला काही आठवड्यांत जमण्यासारखं काम आहे, आणि जगभरच्या शेकडो विद्यार्थ्यांनी ते केलेलं आहे.

पण एवढ्याने मारिओ चालत नाही. खरी मेहनत पुढे आहे.

तबलजीला सगळे बोल येत असले म्हणून साथ होत नाही. समेवर यावं लागतं. फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्राची चिप असे दोन वादक एकाच वेळी वाजवत असतात. प्रोसेसरच्या एका ठोक्यात चित्राची चिप तीन ठिपके पुढे जाते. एका ओळीचे ३४१ ठिपके, एका चित्राच्या २६२ ओळी. त्यातल्या २४० ओळी पडद्यावर दिसतात, उरलेल्या वेळात प्रोसेसर पुढच्या चित्राची तयारी करून घेतो. हे आवर्तन सेकंदाला साठ वेळा. जुन्या खेळांचे लेखक या हिशेबावर इतके विसंबलेले असत की एखादा ठोका चुकला तर खेळ अडून बसावा.

याचं उत्तम उदाहरण मारिओतच आहे. मारिओ धावतो तेव्हा सगळं जग डावीकडे सरकतं, पण वरची गुणांची पट्टी जागची हलत नाही. फॅमिकॉमला अशी स्थिर पट्टी देण्याची सोयच नव्हती. सरकलं तर सगळंच सरकायचं. मग लेखकांनी काय केलं? त्या पट्टीत जे छोटं नाणं आहे, त्याच्या तळाशी एक वेगळी आकृती बेमालूम बसवली. चित्राची चिप वरून खाली रंगवत त्या आकृतीपाशी आली की एक खूण उमटते. प्रोसेसर तोवर दुसरं काही न करता त्या खुणेची वाट पाहत थांबलेला असतो. खूण दिसताक्षणी तो चिपला सांगतो, आता इथून खालचं चित्र सरकवून काढ. हे प्रत्येक चित्रात, सेकंदाला साठ वेळा घडतं. ज्या इम्युलेटरमध्ये ती खूण उमटत नाही, त्यात खेळ तिथेच गोठतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते नाणं कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

म्हणून इम्युलेटर लिहिणाऱ्याला यंत्राच्या गुणांबरोबर त्याचे दोषही उतरवावे लागतात. फॅमिकॉमच्या चित्राच्या चिपला एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त हलत्या आकृती दाखवता येत नसत. नववी आली की ती गायब. म्हणून पडद्यावर गर्दी झाली की शत्रू लुकलुकताना दिसत. आजच्या इम्युलेटरांत ही मर्यादा काढून टाकायची सोय असते आणि पुष्कळ जण ती लगेच वापरतात. मी वापरत नाही. कॅसलव्हेनिया २ या खेळात नायक दलदलीत उतरतो तेव्हा त्याचे पाय चिखलात बुडालेले दिसतात. ते पाय लपवलेत याच दोषाच्या आधारे: त्या ओळींवर मुद्दाम आठ कोऱ्या आकृती ठेवल्या आहेत, म्हणजे पायांना जागाच उरत नाही. दोष काढला की नायक चिखलावरून कोरड्या पायांनी चालतो.

किती बारकाईने उतरवायचं, हा या क्षेत्रातला जुना वाद आहे. १९९७ साली आलेला नेस्टिकल हा इम्युलेटर त्या काळच्या साध्या पीसीवरही वेगाने चालायचा, कारण त्यात अचूकतेला बरीच कात्री लावलेली होती. लोकप्रिय खेळ चालले की झालं, हा त्यामागचा विचार. याच्या दुसऱ्या टोकाला नियर या नावाने ओळखला जाणारा प्रोग्रामर होता. फॅमिकॉमनंतरच्या सुपर निन्टेन्डोसाठी त्याने २००४पासून बीस्नेस हा इम्युलेटर लिहायला घेतला. मूळ यंत्राचे ठोके सेकंदाला जेमतेम ३५ लाख. पण त्याची हुबेहूब नक्कल करायला तीन अब्ज ठोक्यांचा संगणक लागतो, असं त्याने २०११ साली मांडलं. त्याने दिलेलं उदाहरण मी विसरू शकत नाही. स्पीडी गोन्झालेस या खेळात शेवटाकडे एक बटण आहे. तोवरचा सगळा खेळ वेगवान इम्युलेटरांत व्यवस्थित चालायचा आणि त्या बटणावर पाय पडला की कायमचा अडकायचा. खेळ तिथे मेमरीच्या अशा पत्त्यावर वाचतो, जिथे काहीच जोडलेलं नाही. खऱ्या यंत्रात अशा वेळी तारांवर आधीच्या कामाचा जो अंश रेंगाळत असतो तो हाती लागतो आणि खेळ पुढे सरकतो. तो रेंगाळलेला अंशही उतरवायचा, तोही अचूक क्षणी! नियरने ते केलं. २०२१ साली तो गेला. त्याने ठेवलेलं काम आजही वापरलं जातंय.

हे सगळं खिशात कसं आलं, ते थोडक्यात सांगतो. दक्षिण कोरियातल्या गेमपार्क कंपनीने २००१ साली जीपी३२ हे हातातलं यंत्र आणलं. त्यावर कुणीही स्वतःचा प्रोग्राम चालवू शकत असे, आणि लोकांनी आधी इम्युलेटरच चालवले. पुढे सोनीच्या पीएसपीवर हौशी मंडळींनी तेच केलं. मग चिनी कंपन्या या धंद्यात उतरल्या. आज ॲनबर्निक, मियू, रेट्रॉइड ही नावं या छंदातल्या माणसाला तोंडपाठ असतात. मियू मिनी या यंत्राचंच पाहा: स्क्रीन २.८ इंच, मेमरी फक्त १२८ मेगाबाइट. फोनच्या मानाने हे काहीच नाही. पण फॅमिकॉम, गेमबॉय, सुपर निन्टेन्डो आणि पहिलं प्लेस्टेशनसुद्धा ते आरामात चालवतं. प्लेस्टेशनसाठी मात्र एकेका आज्ञेचा दुभाषी पुरत नाही. तिथे इम्युलेटर आज्ञांचा आख्खा तुकडा एकदाच नव्या भाषेत लिहून ठेवतो आणि तो तुकडा पुन्हा आला की लिहिलेलं थेट वापरतो. आपण तोंडी भाषांतराऐवजी छापील भाषांतर हाताशी ठेवावं, तसं.

यंत्र घेताना लोक प्रोसेसर विचारतात. मी स्क्रीनचे ठिपके विचारतो. ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या स्क्रीनवर फॅमिकॉमच्या २४० ओळी बरोबर दुप्पट होऊन बसतात. एक ठिपका, दोन ठिपके, हिशेब चोख. स्क्रीनच्या ठिपक्यांना असा पूर्ण भाग जात नसेल तर काही ठिपके जाड, काही बारीक दिसतात आणि चित्र सरकताना विटांच्या भिंतीवर लाटा उठल्यासारखं वाटतं. गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. तो याच स्क्रीनवर तिप्पट करून ४८० बाय ४३२ असा ठेवावा, भोवती काळी चौकट राहू द्यावी. स्क्रीन भरून टाकायचा मोह आवरला तर चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं.

आता दादाच्या तक्रारीकडे.

आमच्या घरी, तुमच्या घरी, महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्याच घरांत जो 'व्हिडिओ गेम' होता तो निन्टेन्डोचा नव्हता. ती फॅमिकॉमची नक्कल होती. पूर्व आशियातल्या कारखान्यांनी मूळ चिपांसारख्या चिपा बनवल्या आणि त्यांचे संच निरनिराळ्या नावांनी जगभर गेले. आपण त्यातल्या खेळांना 'कॅसेट' म्हणायचो, खेळायच्या बटणांना रिमोट म्हणायचो आणि कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायचो. कॉन्ट्रामध्ये तीस लाइफ मिळवण्यासाठी वर-वर-खाली-खाली कुणी कुणाला शिकवलं हे सांगता येणार नाही, पण ते सगळ्यांना येत होतं. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९ खेळ. आत मोजकेच खेळ वेगवेगळ्या स्टेजपासून सुरू करून पुन्हा पुन्हा मांडलेले. या संचांना लोक नकली म्हणतात. पण आपल्यासाठी मूळ यंत्र तेच होतं, आणि त्यालाही स्वतःचा स्वभाव होता.

तो स्वभाव ठरवला टीव्हीने. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवायचे. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला पन्नास वेळा रंगवणारे. या टीव्हींसाठी नक्कल करणाऱ्यांपुढे पेच होता. पन्नासाच्या हिशेबाने यंत्र बदलावं, तर साठाच्या हिशेबाने लिहिलेल्या खेळांचा ताल चुकणार. ते नाणं, ती खूण, सगळंच बिघडणार. निन्टेन्डोने स्वतः युरोपसाठी पन्नासाचं यंत्र बनवलं तेव्हा प्रोसेसर आणि चित्राच्या चिपेचं एकाला तीन हे प्रमाण मोडलं आणि बरेचसे खेळ त्या यंत्रासाठी जुळवून घ्यावे लागले. नक्कल करणाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. एकाला तीन हे प्रमाण तसंच ठेवलं. दिसणाऱ्या २४० ओळी तशाच ठेवल्या. त्या संपल्यावर ५० ओळींची निव्वळ विश्रांती घातली, म्हणजे एका चित्राच्या ओळी २६२च्या ३१२ झाल्या. आवर्तनातला प्रत्येक बोल जागच्या जागी, फक्त आवर्तन संपल्यावर थांबणं जास्त. खेळाला फरक कळतच नाही. साठाच्या यंत्रावरचा खेळ न बदलता, न अडखळता पन्नासाच्या टीव्हीवर चालतो. फक्त सावकाश चालतो. ज्याने कुणी ही युक्ती काढली, त्याला नकलाकार म्हणून हिणवायला माझं मन धजत नाही.

हे घड्याळ लावून तपासता येतं. मारिओच्या पहिल्या स्टेजला वेळ असते ४००. ते सेकंद नाहीत. दर २४ चित्रांनी त्यातला एक आकडा कमी होतो. साठ चित्रांच्या यंत्रावर चारशेचा शून्य व्हायला सुमारे १६० सेकंद लागतात, पन्नासाच्या यंत्रावर सुमारे १९२. दादाला लहानपणी त्याच स्टेजला बत्तीस सेकंद जास्त मिळत होते. उडी तेवढीच लांब, पण डोळ्यांना आणि बोटांना वेळ जास्त. त्याचे हात काहीच विसरले नव्हते. ते पन्नासाच्या तालावर बसलेले होते.

संगीताचं तर आणखी नवल. सूर प्रोसेसरच्या ठोक्यांवर ठरतो आणि लय चित्रांच्या संख्येवर. युरोपच्या निन्टेन्डोत ठोकेही बरेच कमी केले होते, म्हणून तिथे न जुळवलेल्या खेळाचा सूरही खाली उतरायचा. नकली संचांत ठोके जवळपास मूळचेच राहिले. त्यामुळे आपण ऐकलेलं मारिओचं संगीत मूळ पट्टीतलंच होतं, लय मात्र विलंबित. काही नकली चिपांत आवाजाच्या लहरींचे दोन प्रकार आपसांत बदललेले असत, त्यामुळे नादही निराळा यायचा. जपानी मुलाला आपला मारिओ ऐकवला तर त्यालाही तो परका वाटेल.

नव्वदच्या दशकात रशियात याच जातीचा संच डेंडी या नावाने घरोघर गेला होता. तिथल्या लोकांनी आपल्या यंत्राची मापं घेतली, ती लिहून ठेवली आणि इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी ती स्वीकारली. म्हणून आज मेसेन, नेस्टोपिया, एफसीईयूएक्स यांसारख्या इम्युलेटरांच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडायच्या जागी जपान-अमेरिकेची पद्धत आणि युरोपची पद्धत यांच्या शेजारी 'डेंडी' हा तिसरा पर्याय असतो. हातातल्या यंत्रांवर बहुधा रेट्रोआर्क हे अनेक इम्युलेटर एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर असतं. त्यातही फॅमिकॉमच्या इम्युलेटरच्या पर्यायांत तो सापडतो. मी तो निवडला आणि यंत्र पुन्हा दादाकडे दिलं. तो काही बोलला नाही. पहिली स्टेज झाली, झेंडा उतरला, दुसरी सुरू झाली. जेवायला हाका मारल्या तेव्हा तो चौथ्या जगात होता.

एक अडचण राहतेच, आणि ती सांगायला हवी. या यंत्रांच्या स्क्रीन बहुधा साठाच्याच असतात. पन्नास चित्रं साठांत बसवायची तर दर पाचातलं एक चित्र दोनदा दाखवावं लागतं, आणि जग सरकताना बारीकसा हिसका जाणवतो. दादाला तो जाणवला नाही, मला जाणवतो.

कायद्याबद्दल अनेकांच्या मनात धाकधूक असते. इम्युलेटर लिहिणं किंवा वापरणं हा गुन्हा नाही. प्लेस्टेशनची नक्कल करणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीविरुद्ध सोनी न्यायालयात गेली तेव्हा, २००० साली, यंत्र समजून घेण्यासाठी केलेली उकल अमेरिकेच्या अपील न्यायालयाने न्याय्य मानली. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलमही प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला त्याचा अभ्यास करायला आणि स्वतःपुरती राखीव प्रत ठेवायला मुभा देतं. रॉम मात्र कुणाच्या तरी मालकीचा असतो. हजारो खेळ भरलेलं मेमरी कार्ड यंत्रासोबत विकतात, ते विकण्याचा परवाना विक्रेत्याकडे नसतो. नवीन सुरुवात करणाऱ्याने टोबू टोबू गर्ल हा लेखकानेच मोफत दिलेला गेमबॉयचा खेळ घ्यावा, किंवा मायक्रो मेजेस हा २०१९चा खेळ विकत घ्यावा. तो फॅमिकॉमसाठी नव्याने लिहिलेला आहे आणि मारिओसारखाच ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. पण जुन्या खेळांचं दुःख असं की पैसे द्यायची इच्छा असूनही बहुतेक मिळत नाहीत. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा तिथे २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत असं आढळलं. ते टिकलेत ते इम्युलेटरवाल्यांमुळे.

आपल्याकडे आलेल्या संचांची मापं मात्र रशियासारखी कुणी बसून घेतलेली नाहीत. कुठल्या संचात कुठली चिप होती, कुठल्या कॅसेटमध्ये कोणते खेळ होते, कोणता संच पन्नासाचा आणि कोणता साठाचा, याची नीट नोंद नाही. पुढे काही संचांत तर सगळं यंत्र एकाच चिपेत घालून वर काळ्या लाखेचा थेंब टाकलेला असे, म्हणजे चिपेचं नावही वाचता येऊ नये. तुमच्या माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यात असा संच किंवा कॅसेट पडलेली असेल तर ती भंगारात देऊ नका. चार स्क्रू काढा, आतल्या पट्टीचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो घ्या, चिपांवरचे आकडे वाचता येतील असे. कोणत्या गावात, कोणत्या साली घेतला ते सोबत लिहून ठेवा. संच सुरू होत असेल तर मारिओ लावा आणि चारशेचा शून्य व्हायला किती सेकंद लागतात, ते घड्याळात पाहून त्याच कागदावर टिपून ठेवा.